कुजलेल्या झाडांचं युरेनियम



२० मे १९२१ रोजी वॉशिंग्टनच्या व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष हार्डिंग यांनी मारी क्युरी यांना एक ग्रॅम रेडियम भेट दिलं. अमेरिकेतल्या बायकांनी वर्गणी काढून त्यासाठी एक लाख डॉलर जमवले होते. ही हकिगत शाळेच्या पुस्तकांत असते. हे रेडियम आलं कुठून, हे मात्र पुस्तकं सहसा सांगत नाहीत. ते आलं कोलोरॅडोतल्या पॅराडॉक्स खोऱ्याच्या परिसरातल्या कार्नोटाइट नावाच्या पिवळ्याधमक खनिजातून. रेडियम हे युरेनियमचं वंशज, म्हणून युरेनियम असेल तिथंच ते सापडतं. आणि त्या खोऱ्यात युरेनियम कुठं असतं, हे तिथल्या खाणवाल्यांना पक्कं ठाऊक होतं. ते शोधत झाडं.

झाडं म्हणजे सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वीची. ज्युरासिक काळात तिथून नद्या वाहत होत्या. पुरात वाहून आलेले ओंडके, फांद्या, पालापाचोळा नदीच्या वळणांवर अडकला आणि वाळूत गाडला गेला. वाळूचा वालुकाश्म झाला. पुढं कधीतरी त्यातून युरेनियम आणि व्हॅनेडियम विरघळलेलं पाणी झिरपत गेलं आणि त्यातले हे धातू नेमके या लाकडापाशी येऊन थांबले. खाणीतली मंडळी या गाडलेल्या पाचोळ्याला सरळ 'ट्रॅश' म्हणत. कचरा दिसला की तिथं सुरुंग. कधी कधी अख्खा ओंडकाच धातुकाचा निघे. अशा लाकडाचा पातळ काप घासून सूक्ष्मदर्शकाखाली धरला तर पेशींच्या रांगा अजून ओळखू येतात, फक्त त्यांच्या पोकळ्यांत काळं खनिज भरलेलं असतं: युरेनिनाइट किंवा कॉफिनाइट. झाड मरून गेलं, त्याची बांधणी राहिली, आणि त्या बांधणीत युरेनियम येऊन बसलं.

मेलेल्या जिवांचे अवशेष, म्हणजे ज्याला आपण सेंद्रिय पदार्थ म्हणतो ते, युरेनियमला थोपवतात. आजचा विषय एवढाच आहे. पण गेली काही वर्षं या गोष्टीचा एक सोपा आणि गोड अर्थ लावला जातो आहे: निसर्गाकडेच उपाय आहे, दलदल राखा, जीवाणूंना खायला घाला, प्रदूषण आपोआप बांधलं जाईल. मला हे अर्धंच पटतं. सेंद्रिय पदार्थ युरेनियम धरतो, तसा तोच ते सोडवतो आणि तोच ते वाहूनही नेतो. धरलेलं युरेनियम कोणत्या रूपात धरलं आहे, हे पाहिल्याशिवाय त्या धरण्यावर विसंबणं मला धोक्याचं वाटतं.

आधी युरेनियमच्या स्वभावाबद्दल. १७८९ साली क्लापरोट या जर्मन रसायनशास्त्रज्ञानं हे मूलद्रव्य ओळखलं, आणि त्यानंतर शंभरहून अधिक वर्षं त्याचा उपयोग मुख्यतः काचेला आणि चिनी मातीच्या भांड्यांना रंग देण्यापुरता होता. पर्यावरणात त्याची दोनच रूपं महत्त्वाची. हवेच्या, ऑक्सिजनच्या संगतीत ते सहा-संयुजी असतं. तेव्हा दोन ऑक्सिजन अणू दोन्ही बाजूंना घेऊन ते युरेनिल आयन बनून पाण्यात सहज फिरतं. ऑक्सिजन संपला आणि कुणी त्याला दोन इलेक्ट्रॉन दिले, तर ते चार-संयुजी होतं, आणि मग पाण्यात जवळजवळ विरघळतच नाही. इलेक्ट्रॉन मिळण्याच्या या क्रियेला क्षपण म्हणतात. समुद्राच्या प्रत्येक लिटरात साधारण ३.३ मायक्रोग्रॅम युरेनियम असतं. ऐकायला नगण्य, पण सगळ्या महासागरांचा हिशेब केला तर ते सुमारे साडेचारशे कोटी टन भरतं. ते तिथं विरघळून राहिलं आहे ते पाण्यातल्या कार्बोनेटमुळे. युरेनिल आणि कार्बोनेट यांची जोडी घट्ट जमते, आणि त्यात कॅल्शियमही येऊन मिळालं तर ती आणखी घट्ट होते. ही जोडी लक्षात ठेवा. पुढं राजस्थानात ती पुन्हा भेटणार आहे.

पृथ्वीच्या लहानपणी असं नव्हतं. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वीपर्यंत हवेत ऑक्सिजन जवळजवळ नव्हता. त्या काळच्या नद्यांच्या गोट्यांत युरेनिनाइटचे कण वाळूसारखे गडगडत जात. दक्षिण आफ्रिकेतल्या विटवॉटर्सरँडच्या सोन्याच्या खाणींत ते आजही तसेच गोल झालेले सापडतात. आजच्या नदीत असा कण फार काळ टिकणार नाही, विरघळून जाईल. मग प्रकाशसंश्लेषण करणाऱ्या सूक्ष्मजीवांनी हवेत ऑक्सिजन सोडला आणि युरेनियम पाण्यात उतरलं. म्हणजे युरेनियमला फिरतं केलं जीवसृष्टीनं, आणि त्याला जागोजाग अडवलंही तिच्याच मृत अवशेषांनी. या अडवण्यात जिवंत जीवाणूंचा हात किती आणि नुसत्या रसायनाचा किती, हा वाद मात्र अलीकडचा आहे.

सेंद्रिय पदार्थ युरेनियम कसं धरतो, याचं पहिलं नीट उत्तर हंगेरीतल्या एका भौतिकशास्त्रज्ञानं दिलं. त्याचं नाव सालाय शांदोर. तरुणपणी त्यानं केंब्रिजला रदरफर्डच्या प्रयोगशाळेत काम केलं होतं, आणि पुढं डेब्रेत्सेनला अणुसंशोधनाची संस्था उभी केली. दुसऱ्या महायुद्धानंतर देशात युरेनियम आहे का, याचा शोध घेताना ते त्याला कोळशात आढळलं. कोळशात का, म्हणून त्यानं मागं जाऊन पीट तपासलं. पीट म्हणजे दलदलीत अर्धवट कुजलेल्या वनस्पतींचा तपकिरी थर, कोळशाचं बालपण. पीटवरून युरेनियमचं अतिशय पातळ द्रावण सोडलं की पीट ते ओढून घेतं, आणि पाण्यातल्या प्रमाणाच्या सुमारे दहा हजारपट युरेनियम त्यात साठतं, असं त्यानं दाखवलं. त्याचा प्रमुख लेख १९६४ सालचा. हे काम ह्यूमिक आम्लांतले कार्बोक्सिल गट करतात, असं त्याचं म्हणणं होतं. त्यांच्यावर ऋण विद्युतभार असतो आणि युरेनिल धनभारित. शेतातून चालताना धोतराच्या काठाला कुसळं चिकटतात तसं युरेनिल त्यांना चिकटतं. कुसळं झटकताही येतात, हेही खरं. पाणी फार आम्ल झालं तर कार्बोक्सिल गटांवर हायड्रोजन येऊन बसतो आणि युरेनियमला जागा उरत नाही. पाणी अल्कधर्मी झालं आणि त्यात कार्बोनेट वाढलं तर कार्बोनेट युरेनियमला ओढून नेतं. मधल्या पट्ट्यात, साधारण ५ ते ७ सामूच्या पाण्यात, पकड सर्वांत चांगली असते.

इथं एक गोष्ट बाजूला सांगायला हवी, कारण दरवेळी कुणीतरी विचारतंच: आपली काळी माती एवढी काळी आहे, तर ती युरेनियम धरत असेल ना? रंगावर जाऊ नका. कपाशीच्या काळ्या जमिनीत सेंद्रिय कार्बन बहुतेक ठिकाणी एक टक्क्याहून कमीच असतो. तिचा काळेपणा मुख्यतः चिकणमातीशी घट्ट जुळलेल्या थोड्याशा ह्यूमसचा आणि बेसॉल्टमधून आलेल्या खनिजांचा आहे. शिवाय दख्खनच्या बेसॉल्टमध्येच युरेनियम फार थोडं, दशलक्षात एक भाग किंवा त्याहूनही कमी. ग्रॅनाइटमध्ये ते सर्वसाधारणपणे तीन-चार भाग असतं. आपल्याकडे सेंद्रिय गाळ कसा काम करतो हे बघायचं असेल तर कोकणात खारफुटीच्या चिखलात जावं. आमचे सर आम्हाला शिक्षणसहलीला तिथं नेत. भरती ओसरल्यावर चिखलात हात कोपरापर्यंत खुपसायला लावत. वरचा एक-दोन बोटांचा थर तपकिरी, त्याखाली करडा, आणि त्याखाली काळाकुट्ट, सडक्या अंड्यांचा वास मारणारा. मुलं नाक मुरडत. सर म्हणत, "वास घ्या, ऑक्सिजन कुठं संपला ते नाकाला कळतं." त्या काळ्या थरात लोहाचं सल्फाइड असतं, आणि समुद्राच्या पाण्यातलं युरेनियम अशाच थरांत उतरून बसतं. महासागरातून युरेनियम कमी होण्याचा सर्वांत मोठा मार्ग हाच आहे: ऑक्सिजन नसलेला, सेंद्रिय पदार्थानं भरलेला गाळ.

सालायनं सांगितलं ते चिकटणं. पण त्या काळ्या चिखलात नुसतं चिकटणं होत नाही. तिथं क्षपणही होतं, आणि बराच काळ ते सगळं नुसतं रसायनाचं काम आहे असं मानलं जाई: सल्फाइड आणि लाकूड इलेक्ट्रॉन देतात, युरेनियम घेतं. १९९१ साली डेरेक लव्हली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर'मध्ये वेगळंच दाखवलं. लव्हली यांना पोटोमॅक नदीच्या गाळात असे जीवाणू मिळाले होते की जे ऑक्सिजनऐवजी लोहाच्या गंजावर श्वास घेतात. त्यांना पुढं जिओबॅक्टर हे नाव मिळालं. आपण अन्न खातो आणि त्यातले इलेक्ट्रॉन शेवटी ऑक्सिजनला देतो. हे जीवाणू सेंद्रिय आम्लं खातात आणि इलेक्ट्रॉन लोहाला देतात. आणि युरेनियम समोर आलं तर तेही चालतं, त्यावर त्यांची वाढसुद्धा होते. या एका निरीक्षणानं सेंद्रिय पदार्थाची भूमिका बदलली. आता तो नुसता पकडणारा राहिला नाही, पकडणाऱ्याचं अन्नही झाला.

मग साहजिकच कुणाच्या तरी मनात आलं: अन्न बाहेरून दिलं तर?

कोलोरॅडो नदीच्या काठी रायफल नावाचं छोटं गाव आहे. तिथं व्हॅनेडियम आणि युरेनियमची गिरणी होती. ती १९५८ साली बंद पडली. १९९६ पर्यंत गिरणीचा सगळा टाकाऊ गाळ उचलून दूर नेला गेला. खाली भूजलात मात्र युरेनियम राहिलं. अमेरिकी नियमांनुसार अशा ठिकाणी नैसर्गिक प्रवाहानं प्रदूषण शंभर वर्षांत धुऊन निघत असेल तर थांबायला परवानगी आहे, आणि रायफलबाबत अंदाज तोच होता: नदी जवळ आहे, गोटेरी वाळूचा थर आहे, स्रोत काढून नेला आहे, उरलेलं वाहून जाईल.

२००२ साली तिथं संशोधकांनी बोअर ओळीनं खणले आणि त्यांतून जमिनीखाली ॲसेटेट सोडलं. ॲसेटेट म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाचं लवण, जीवाणूंचं आवडतं खाणं. पाण्याच्या वाहत्या दिशेनं पुढच्या विहिरींतून ते नमुने घेत राहिले. पहिल्या दोन आठवड्यांच्या आतच युरेनियम उतरू लागलं. सुमारे पन्नास दिवसांत काही विहिरींत ते ठरवलेल्या मर्यादेखाली, लिटरला ४४ मायक्रोग्रॅमच्या खाली, गेलं. गाळात जिओबॅक्टरची संख्या भराभर वाढलेली दिसली. प्रयोग यशस्वी म्हणून गाजला, आणि गाजण्यासारखा होताच. पुस्तकातली क्रिया मैदानात, नदीच्या काठावर, खऱ्या प्रदूषणावर चालून दाखवली होती.

या प्रयोगावरच्या लेखाचा पुढचा भाग लोक कमी वाचतात. ॲसेटेट देणं चालूच होतं, आणि तरी युरेनियम पुन्हा वर चढू लागलं. कारण जिओबॅक्टरचा श्वास मुख्यतः लोहावर चालत होता. विहिरींजवळचं सहज मिळणारं लोह संपलं, तशी तिची सद्दी संपली आणि सल्फेटवर जगणारे दुसरे जीवाणू माजले. ॲसेटेट तेच खाऊन टाकू लागले, आणि युरेनियमचं क्षपण करण्यात ते तितके तरबेज नव्हते. अन्न दिलं म्हणजे हवा तोच पाहुणा जेवायला येईल याची खात्री नसते.

त्याहून मोठा धक्का पुढच्या दशकात बसला. शंभर वर्षांत धुऊन जाईल असं ज्याबद्दल ठरलं होतं, ते युरेनियम हलेना. पाण्यातलं प्रमाण वर्षामागून वर्ष जवळपास तेवढंच. मग गाळात खोलवर गाभे काढले गेले. नदीच्या जुन्या पुरांनी गाडलेले लाकडाचे तुकडे, मुळं, पालापाचोळा यांचे ठिगळासारखे काळे पट्टे मधूनमधून निघाले. त्यांत रासबेरीसारखे गुच्छ झालेले पायराइटचे सूक्ष्म गोळे, आणि आजूबाजूच्या वाळूच्या कितीतरी पट युरेनियम. गिरणी चालू असताना हे पट्टे गपचूप भरत गेले होते. आता ते थोडंथोडं परत देत होते. वसंतात पर्वतावरचं बर्फ वितळतं, नदीला पाणी चढतं, भूजलाची पातळी वर येते, सोबत थोडा ऑक्सिजन आत शिरतो आणि युरेनियमचा एक हप्ता बाहेर पडतो. पुढच्या वर्षी पुन्हा तेच. गाळ उचलून नेणाऱ्यांनी ढीग नेला, पण पाचोळ्यानं आधीच घेतलेला वाटा जमिनीखाली राहून गेला. मला विचाराल तर रायफलचा खरा धडा ॲसेटेटच्या प्रयोगात नाही, या काळ्या पट्ट्यांत आहे.

ते इतक्या सहज का सोडतात? पाठ्यपुस्तकाप्रमाणे क्षपण झालं की युरेनिनाइटचे स्फटिक व्हायला हवेत, आणि स्फटिक सहजासहजी विरघळत नाही. पण सिंक्रोट्रॉन या कण-वेगवर्धकातून निघणाऱ्या क्ष-किरणांनी एकेका अणूच्या शेजारी कोण बसलंय ते पाहता येऊ लागलं, तेव्हा दिसलं की बरंच चार-संयुजी युरेनियम स्फटिक झालेलंच नाही. ते सुट्टं सुट्टं, कार्बनच्या आणि फॉस्फेटच्या गटांना, जीवाणूंच्या मृत पेशींना चिकटलेलं आहे. म्हणजे क्षपण झालं खरं, पण स्फटिकापर्यंतचा प्रवास झाला नाही. असं युरेनियम ऑक्सिजनच्या पहिल्या झुळकीला परत विरघळतं. गंमत म्हणजे हे फक्त प्रदूषित गाळात नाही. २०१७ साली वायोमिंगमधल्या एका युरेनियमच्या धातुक-साठ्याचे, म्हणजे निसर्गानं केलेल्या खनिजाचे, नमुने असेच तपासले गेले आणि तिथंही बहुतांश युरेनियम या अस्फटिक रूपात, सेंद्रिय कार्बनला धरून असलेलं निघालं. भूगर्भशास्त्राच्या आम्हा जुन्या विद्यार्थ्यांना हे पचायला जड गेलं.

आणि फ्रान्समधल्या लिमूझाँच्या पाणथळीनं त्यावर कडी केली. लिमूझाँमध्ये अनेक दशकं युरेनियमच्या खाणी होत्या. एका बंद खाणीखालच्या ओढ्याकाठची दलदल युरेनियम अडवते आहे, असं वाटत होतं. दलदल, भरपूर सेंद्रिय पदार्थ, ऑक्सिजन नाही, म्हणजे सगळं पाठ्यपुस्तकासारखं. स्वित्झर्लंडच्या लोझानमधल्या रिझलान बर्निए-लात्मानी यांच्या गटानं २०१३ साली तिथलं पाणी गाळून पाहिलं, आणि चार-संयुजी युरेनियम वाहताना आढळलं. जे विरघळत नाही, ते चाललं होतं कसं? विरघळून नव्हे. लोह आणि सेंद्रिय पदार्थ यांच्या अतिसूक्ष्म कणांवर बसून. या कणांना कलिल म्हणतात. ते पाण्यात तरंगत राहतात आणि खालच्या विहिरीत, ओढ्यात जातात. ज्याला पहारेकरी म्हणून नेमलं होतं तोच कैद्याला खांद्यावर घेऊन निघाला होता. त्या दलदलीतून किती युरेनियम बाहेर पडतं याचं उत्तर मग केवळ ऑक्सिजनची पातळी मोजून देता येत नाही. गाळणीच्या छिद्राचा आकारसुद्धा सांगावा लागतो. बारीक गाळणीतून जे आलं ते विरघळलेलं, असं समजून कित्येक अहवाल लिहिले गेले आहेत, हे आपल्या प्रयोगशाळांनीही ध्यानात घ्यायला हवं.

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलायनात सव्हाना नदीकाठच्या अणुकेंद्रानं टिम्स ब्रँच नावाच्या ओढ्यात पूर्वी चाळीस टनांहून अधिक युरेनियम सोडलं. त्यातलं बरंचसं अजूनही ओढ्याकाठच्या पाणथळीत आहे. पाणथळीनं ते खरंच धरलं, हे मान्य करायलाच हवं. पण म्हणून ती पाणथळ आता कायम ओली ठेवणं भाग आहे. ती कोरडी पडली, तिच्यातलं पीट हवेनं कुजू लागलं, तर पकडणाराच नाहीसा होईल.

आता कार्बोनेटकडे येतो. सेंद्रिय पदार्थ जमिनीत कुजतो तेव्हा जीवाणू कार्बन डायऑक्साइड सोडतात. तो पाण्यात मिसळून बायकार्बोनेट होतो. म्हणजे एकीकडे तोच पदार्थ युरेनियम धरणारे गट पुरवतो आणि दुसरीकडे ते सोडवणारं कार्बोनेटही. कुठली बाजू जड होईल, हे खडकावर, पाण्यावर आणि किती ऑक्सिजन आत येतो यावर ठरतं. २०१८ साली अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठानं भारतीय शास्त्रज्ञांच्या साथीनं राजस्थान आणि गुजरातमधल्या ३२४ विहिरींचं पाणी तपासलं. बऱ्याच ठिकाणी युरेनियम जागतिक आरोग्य संघटनेच्या लिटरला ३० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं. कारणं तीच तीन: ग्रॅनाइटी मूळ खडक, बायकार्बोनेटनं भरलेलं पाणी आणि उपशामुळे खाली गेलेली पाणीपातळी. पाणी खाली गेलं की वरच्या थरात हवा शिरते आणि जुनं स्थिरावलेलं युरेनियम पुन्हा सहा-संयुजी होतं. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळानं लिटरला ६० मायक्रोग्रॅमची मर्यादा ठरवली होती. पिण्याच्या पाण्यातल्या युरेनियमचा मुख्य धोका किरणोत्साराचा नसून मूत्रपिंडाला होणाऱ्या रासायनिक इजेचा असतो. पाणी उकळून ते जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे प्रमाण वाढतं. आरओ यंत्र मात्र ते चांगलं काढतं.

खतांचंही नाव यात घ्यावं लागतं. नेब्रास्का विद्यापीठातल्या कॅरी वेबर आणि जेसन नोलन यांनी २०१५ साली अमेरिकेतल्या हाय प्लेन्स आणि कॅलिफोर्नियाच्या सेंट्रल व्हॅली या दोन मोठ्या जलधरांची आकडेवारी मांडली. युरेनियम जास्त असलेल्या बहुसंख्य जागी नायट्रेटही होतं. नायट्रेट हे ऑक्सिजनसारखंच इलेक्ट्रॉन काढून घेतं आणि झोपलेलं युरेनियम उठवतं. म्हणजे शेतातला युरिया खालच्या खडकातल्या युरेनियमला पाण्यात आणू शकतो. पूर्व विदर्भात ग्रॅनाइट आणि नाइस खडकांचा पट्टा आहे, भाताला खत पडतं आणि बोअर खोल जात आहेत. तिथं बोअरचं पाणी तपासायला देताना युरेनियमसोबत नायट्रेट, बायकार्बोनेट आणि विरघळलेला सेंद्रिय कार्बन यांचीही मोजणी मागितली पाहिजे. एकट्या युरेनियमच्या आकड्यावरून तो आकडा पुढच्या उन्हाळ्यात कुठं जाईल, हे कुणाला सांगता येणार नाही.

कोळशाच्या राखेची भीती मात्र मला अवास्तव वाटते. दगडी कोळशात युरेनियम असतं, साधारण दशलक्षात एक ते चार भाग, आणि ते आलं दलदलीच्या काळातल्या याच पकडीमुळे. जाळल्यावर ते राखेत दाटतं. तरीही आपल्या कोराडी-चंद्रपूरच्या राखेतलं प्रमाण सर्वसाधारण ग्रॅनाइटच्याच घरात येतं. राखेचे प्रश्न दुसरे आहेत आणि ते मोठे आहेत. त्यांत हा घुसडू नये.

सेंद्रिय पदार्थाच्या या कच्च्या पकडीला छेद देणारं एक उदाहरण आहे, आणि ते प्रामाणिकपणे मांडायलाच हवं. ते म्हणजे ओक्लो. १९७२ साली फ्रान्सच्या पिएरलात इथल्या कारखान्यात एका नमुन्यात युरेनियम-२३५ चं प्रमाण ०.७२० टक्क्यांऐवजी ०.७१७ टक्के निघालं. फरक इतका बारीक की दुसऱ्या कुणी तो दुर्लक्षित केला असता. माग काढत काढत तिथले शास्त्रज्ञ गॅबनमधल्या ओक्लोच्या खाणीपर्यंत पोचले, आणि कळलं की सुमारे दोनशे कोटी वर्षांपूर्वी तिथं जमिनीत आपोआप अणुभट्टी चालली होती. एक नव्हे, अनेक. तेव्हा युरेनियम-२३५ तीन टक्क्यांहून जास्त होतं, म्हणून भूजलाच्या साहाय्यानं साखळी प्रक्रिया चालू शकली. अशी भट्टी नैसर्गिकरीत्या होऊ शकते हे पॉल कुरोदा यांनी १९५६ सालीच मांडलं होतं. तिथं युरेनियम साठलं ते सेंद्रिय पदार्थांनी भरलेल्या गाळामुळे. ऑक्सिजन नुकताच आलेल्या जगात युरेनियम पाण्यात उतरलं आणि त्या खोऱ्यातल्या तेलकट अवशेषांनी ते थांबवलं. पुढं ते अवशेष बिटुमेन, मग जवळजवळ ग्रॅफाइटसारखे घट्ट झाले. १९९१ साली 'नेचर'मधल्याच एका लेखात दाखवलं गेलं की त्या घट्ट कार्बननं युरेनिनाइटचे दाणे आणि भट्टीत झालेली विखंडनाची मूलद्रव्यं दोनशे कोटी वर्षं आपल्या पोटात धरून ठेवली.

मग रायफलचा पाचोळा का सोडतो आणि ओक्लोचा कार्बन का धरतो? फरक वयाचा आहे, आणि पक्वतेचा. ओक्लोच्या कार्बनमध्ये खाण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. त्यात छिद्रं नव्हती, पाणी शिरत नव्हतं, आणि युरेनियम पूर्ण स्फटिक होऊन त्यात गुंडाळलं गेलं होतं. पीट आणि पाचोळा अजून कुजतो आहे. जे कुजत आहे त्यावर ठेवलेला कायमचा भरवसा फाजील ठरतो. म्हणून अणुकचऱ्याच्या कायमच्या साठ्यासाठी ओक्लोचा दाखला देणारे आणि पाणथळी जपण्यासाठी ओक्लोचाच दाखला देणारे, हे दोघं एकच उदाहरण दोन वेगळ्या गोष्टींना चिकटवतात. पहिल्यांचा दावा थोडा तरी टिकतो.

आपल्या देशात हा प्रश्न मेघालयात येऊन उभा आहे. खासी टेकड्यांत दोमियासियात परिसरातल्या महादेक वालुकाश्मात युरेनियमचा महत्त्वाचा साठा आहे. हा खडक क्रेटेशियस कालखंडाच्या उत्तरार्धातला. त्यात युरेनियम कशासोबत आहे? गाडलेल्या वनस्पतींचे कार्बनी तुकडे आणि पायराइट. कोलोरॅडोच्या 'ट्रॅश'चीच ही नात्यातली शाखा. साठा जमिनीपासून फार खोल नाही आणि प्रदेश देशातल्या सर्वांत जास्त पावसाच्या पट्ट्यातला. खाणीच्या प्रस्तावाला स्थानिकांचा विरोध आहे आणि तो अनेक वर्षं अडलेला आहे. वाद जमिनीच्या मालकीचा, आरोग्याचा, विश्वासाचा आहे, आणि तो तसाच असायला हवा. पण एक प्रश्न मला कुठल्याच बाजूकडून ऐकू येत नाही: त्या वालुकाश्मातलं किती युरेनियम स्फटिकात बसलं आहे आणि किती नुसतं सेंद्रिय कार्बनला चिकटलेलं आहे? उघड्या खाणीत हा खडक फुटला, त्या कार्बनला पहिल्यांदा हवा आणि मुसळधार पाऊस दोन्ही मिळाले, तर या दोन प्रकारच्या युरेनियमची वागणूक अगदी वेगळी राहील. हे मोजायला परदेशात जावं लागत नाही. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात इंडस-२ सिंक्रोट्रॉन चालू आहे. तिथल्या क्ष-किरण शोषणाच्या किरणरेषा युरेनियमसाठी लागणाऱ्या ऊर्जेपर्यंत जातात, आणि त्या उभारण्यात ट्रॉम्बेच्या अणुसंशोधन केंद्रातल्या लोकांचाच हात होता. शोधकाळात काढलेले खडकाचे गाभे सरकारी गोदामांत असतील. त्यांतले मूठभर तुकडे, हवेपासून बंद ठेवून, त्या किरणरेषेखाली धरले, तर खाण हवी म्हणणाऱ्यांनाही आणि नको म्हणणाऱ्यांनाही बोलायला एक खरा आकडा मिळेल.